उसनी अक्षरं

आता लिपीकडे वळू. चिनी अक्षरं कोरियात गेली, तिथून जपानात. अडचण अशी, की चिनी शब्दाला विभक्ती-प्रत्यय लागत नाहीत. जपानी-कोरियनचं मात्र आपल्या मराठीसारखंच, प्रत्ययांवाचून पान हलत नाही. जपान्यांनी काही अक्षरांचा अर्थ सोडून नुसता उच्चार ठेवला, त्यातून ‘काना’ लिपी झाली. कोरियात राजा सेजोंगने १४४३ साली नवीच लिपी रचली. गंमत बघा, विरोध केला तो दरबारातल्याच पंडितांनी! चोए मान्रीचं १४४४ मधलं म्हणणं असं, की वेगळी लिपी मंगोल, तिबेटी, जपानी अशा रानटी लोकांची. आपण त्यांच्या पंगतीला बसायचं? आपण त्याला हसू नये. त्याच्या लेखी संस्कृती एकच होती आणि ती चिनी होती. १४४६ मध्ये लिपी जाहीर झाली. सरकारी कारभार मात्र जवळजवळ साडेचारशे वर्षं चिनीतच चालला.