सव्वा सेकंद

मे महिना. दुपारी बाराला जळगावात बाहेर पडणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, आणि तुम्ही तर खान्देश सेंट्रलच्या आवारात उभे आहात. डोक्याला रुमाल, रुमालाखाली हेडफोन. हा मॉल ज्या जमिनीवर आहे ती खान्देश मिलची. तुमचे आजोबा इथेच पाळीवर यायचे. मिल बंद पडून वर्षं लोटली तरी आजी वेळ विचारायची ती 'भोंगा झाला का रे?' अशीच.

फोनवर अल्बम आहे नेपाम डेथचा. नाव 'स्कम'. गुऱ्हाळात रस उकळताना काहिलीवर जी मळी येते, जी झाऱ्याने काढून फेकतात, ती म्हणजे स्कम. समाजाने तशीच काढून फेकलेली माणसंही स्कमच. तुम्ही बटण दाबता.

ऊन जातं.

ऑगस्ट 1986, रात्र. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, सेली ओक भागातला रिच बिच नावाचा स्टुडिओ. हवेत गारवा आहे, आणि तुमच्या अंगात अजून जळगावचा सुती सदरा. समोर तीन पोरं. ड्रमवर मिक हॅरिस, गिटारवर जस्टिन ब्रॉड्रिक, बास आणि गळा निक बुलेनचा. ब्रॉड्रिक जेमतेम सतराचा. आपल्याकडे या वयाचं पोर बारावीच्या क्लासच्या फीवरून घरच्यांची बोलणी खातं. यांनी 50 पौंडांत कशीबशी एक रात्र मिळवली आहे, म्हणून सगळी घाई.

घाई संगीतातही आहे. हॅरिस सुरू करतो आणि तुमचा हात आपोआप कानाकडे जातो. पाय, स्नेअर, झांज, सगळं एका दमात, मोजताच येणार नाही इतक्या वेगाने. याला ब्लास्ट बीट म्हणतात, आणि हे नाव रूढ करण्यात या हॅरिसचाच हात मोठा. तुम्हाला मात्र धुळ्यातली मावशीची गल्ली आठवते. रात्रभर चालणारे यंत्रमाग, भिंतीतून येणारी खटखट, ती थांबली तरच जाग यायची. हे संगीत ऐकून लोक 'गोंगाट' म्हणाले. कारखान्यांच्या गावात वाढलेल्या पोरांनी दुसरा कुठला ठेका धरायचा होता?

ठेका कारखान्याचा, पण कारखाने बंद पडताहेत. या साली ब्रिटनमध्ये बेकार 30 लाखांवर आहेत. थॅचरबाईंचं राज्य आहे, खाणकामगारांचा वर्षभराचा संप मागच्याच वर्षी मोडला. याच शहरातल्या हँड्सवर्थमध्ये गेल्या सप्टेंबरात दंगल पेटली होती. पोरं यावर भाषण देत नाहीत. बुलेन माइकला तोंड लावतो आणि घशाच्या तळातून जे काढतो त्याला गाणं म्हणायला तुम्ही धजत नाही. शब्द कळत नाहीत. एकही.

मग ते गाणं येतं. येतं म्हणेपर्यंत जातं. 'यू सफर', लांबी 1.316 सेकंद. जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून पुढे गिनीज बुकात नोंदलं जाणारं. चारच शब्द: समोरच्याला तू म्हणणं, त्याचं दुःख सांगणं आणि त्याला कारण विचारणं. आपल्या कीर्तनकाराला एवढ्यासाठी पूर्वरंग पुरला नसता. हे विनोदाने केलं होतं की चिडून? तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघता. दोन्ही दिसतं.

पहाट. टेपवर बारा गाणी, म्हणजे रेकॉर्डची एक बाजू. ती तशीच पडून राहते. ब्रॉड्रिक दुसऱ्या बँडमध्ये जातो, बुलेनही सोडतो. मे 1987 मध्ये तुम्ही त्याच खोलीत परत येता तेव्हा ओळखीचा एकटा हॅरिस. गळा आता ली डोरियनचा, गिटार बिल स्टीअरची, बास जिम व्हाइटलीचा. आणखी सोळा गाणी. एकूण 28, सगळी मिळून तेहेतीस मिनिटांच्या आसपास. जुलैत नॉटिंगहॅमची इअरेक ही छोटी कंपनी रेकॉर्ड काढते. एकाच अल्बमच्या दोन बाजूंना जवळजवळ दोन वेगळे बँड. आपल्या गावच्या नाटक मंडळीत पहिला अंक एका संचाचा नि दुसरा दुसऱ्याचा असता तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

कव्हर हातात घ्या. चित्र जेफ वॉकरचं. सुटाबुटातले साहेब, सापळे, खाली कवट्यांची रास आणि त्यात बड्या कंपन्यांची बोधचिन्हं. पहिलंच गाणं बहुराष्ट्रीय कंपन्यांवर, गरीब देशांच्या भुकेचा हिशेब त्यांच्या नावावर मांडणारं. खरं सांगायचं तर इथे तुम्ही थोडे चिडता. भुकेले देश म्हणजे आपणच की. आपला कापूस, आपलं कर्ज, आणि हुंदका यांचा? पण मग लक्षात येतं, ही पोरं दया दाखवत नाहीत, शिव्या घालताहेत, त्याही आपल्याच साहेबांना. राग ओसरतो, पूर्ण नाही.

बर्मिंगहॅममध्येच स्पार्कहिल नावाचा भाग आहे. रस्त्यावर पंजाबी, मीरपुरी ऐकू येते, मसाल्याचा वास, दुकानात भेंडीसुद्धा. तिथेच 'द मरमेड' हा पब, आणि वरच्या मजल्यावर या बँडला ऐकायला आलेली गर्दी. घाम, बिअर, एकमेकांवर आदळणारे खांदे. तुम्ही भिंतीला चिकटता. शेजारचा पोरगा ओठ हलवतोय. त्याला शब्द पाठ आहेत! कानांनी कळणं शक्य नाही, म्हणजे कागदावर वाचून पाठ केलेत. वारीत शेवटच्या गजराला तरी शब्द कुठे ऐकू येतात. ज्याला येतात तो म्हणतो, बाकीचे नाचतात.

गिटारची तार किंचाळते आणि पायाखालची फळी निसटते.

1932. धुळ्याचा तुरुंग, रविवार. इथे शब्द स्वच्छ ऐकू येतात. फेब्रुवारी ते जून अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलताहेत, आणि समोर बसलेले अमळनेरचे मास्तर, साने गुरुजी, ते उतरवून घेताहेत. तुम्ही विनोबांकडे पाहत नाही, गुरुजींच्या हाताकडे पाहता. तो हात धावतोय. एक शब्द सुटू नये म्हणून. पुस्तकात जी 'गीता प्रवचने' आपण वाचतो ती या धावत्या हाताने वाचवलेली. तीनच वर्षांनी, 1935 मध्ये, याच गुरुजींचा 'पत्री' हा कवितासंग्रह येतो आणि इंग्रज सरकार तो जप्त करतं. कारण उघड होतं. त्यातला शब्द न् शब्द कळत होता, पोरंसोरं म्हणू शकत होती.

त्या पोरांशी गुरुजींची तुलना तिरकी आहे, मान्य. तिथे पारतंत्र्य होतं, बर्मिंगहॅमला निवडून आलेलं सरकार. तरी पुढचा मुक्काम बघा: सप्टेंबर 1987, लंडन, त्याच सरकारच्या देशातली बीबीसी. जॉन पील हा रात्रीचा निवेदक या पोरांना स्टुडिओत बोलावतो. बारा गाणी, मिळून सहा मिनिटांच्या आसपास. त्यात 'यू सफर'ही. साहेबांना शिव्या घालणारे शब्द साहेबांच्याच रेडिओवरून देशभर जातात, कुणी जप्तीला येत नाही. कुणाला कळायला हवं ना! पील मात्र खुशीत आहे, आवाजावरून कळतं. अंधाऱ्या खोलीत ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेलं एखादं पोर दचकून उठतं आणि आवाज वाढवतं. आईची हाक येते. ती सगळीकडे सारखीच असते.

ऊन परत येतं, पण गाव बदललं आहे. धुळे. मावशीची गल्ली. माग आता थोडेच उरलेत, तरी एका शेडमधून खटखट येतेय. दारात काका बसलेत, बनियनवर, हातात चहाची बशी. काय ऐकतो रे भाऊ, म्हणतात. तुम्ही एक बाजू त्यांच्या कानाला लावता आणि मुद्दाम तेच गाणं निवडता.

काका बशी खाली ठेवतात. कान जरा पुढे करतात. वाट बघतात.

"चालू व्हयनं का?"