मिटलं म्हणजे बंद नव्हे

मराठीत दार बंद होतं, दिवाही बंद होतो आणि दुकानही. झाकणं आणि थांबवणं ही दोन कामं आपण एकाच शब्दावर सोपवली आहेत. त्यामुळे घरात कुणी ‘लॅपटॉप बंद कर’ म्हटलं, की झाकण मिटायचं की यंत्र थांबवायचं, याचा उलगडा त्या शब्दातून होत नाही. बहुतेक लॅपटॉपवर झाकण मिटताच यंत्र झोपी जातं, म्हणून हा प्रश्न कुणाला पडतही नाही. पण हा संबंध यंत्राच्या स्वभावात नव्हता. तो माणसांनी ठरवला, आणि प्रवासात असलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून ठरवला. तो संबंध तोडण्याचा अधिकार ज्याच्या हातात यंत्र आहे त्याचाच असायला हवा, असं मला वाटतं. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीचा गेल्या २०-२५ वर्षांचा काळ पाहिला, की हे मत नुसत्या आवडीनिवडीपुरतं राहत नाही.

१९८२ साली आलेल्या ‘ग्रिड कंपास’ या संगणकाला पुस्तकासारखं मिटणारं झाकण होतं. बिल मॉगरिज यांनी ते आखलं. या यंत्राला बॅटरीच नव्हती, ते भिंतीतल्या विजेवर चालायचं. म्हणजे झाकण आलं ते पडद्याचं रक्षण व्हावं आणि यंत्र हातात धरून नेता यावं म्हणून. वीज वाचवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे बॅटरीवरचे लॅपटॉप आले आणि विजेचा हिशेब सुरू झाला. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं ‘एपीएम’ ही वीज वाचवण्याची व्यवस्था आणली. डिसेंबर १९९६ मध्ये या दोघांनी तोशिबाला सोबत घेऊन ‘एसीपीआय’ हे मानक जाहीर केलं आणि त्यात झाकणाला स्वतंत्र उपकरण म्हणून जागा मिळाली. प्रत्यक्षात ही यंत्रणा अगदी साधी आहे. बहुतेक लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेत एक छोटं चुंबक असतं, ते कीबोर्डच्या बाजूला बसवलेल्या संवेदकाजवळ आलं की आतल्या प्रणालीला खबर जाते: झाकण मिटलं. त्या खबरीत एवढंच असतं. पुढे काय करायचं, हे बाहेरून ठरवावं लागतं. २००१ च्या विंडोज एक्सपीच्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी एकच खण होता, म्हणजे झाकण मिटल्यावर काय व्हावं हे निवडायची एकच जागा. २००७ च्या व्हिस्टानं त्याचे दोन केले, एक बॅटरीवर असतानाचा आणि दुसरा चार्जर लावलेला असतानाचा. या छोट्या बदलाला मी फार मोल देतो. एकच माणूस दिवसातून दोन वेगळ्या परिस्थितींत काम करतो, हे झाकणाच्या बाबतीत तिथे मान्य झालं.

एक खण ते दोन खण या प्रवासाच्या काळातच मीरा-भाईंदर वाढत होतं. मिठागरं आणि गावठाणं असलेल्या या पट्ट्यात १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. बेव्हर्ली पार्क हा मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेकडच्या या नव्या इमारतींच्या वाढीचाच भाग. इथून चर्चगेट सुमारे ४० किलोमीटर. गर्दीच्या लोकलमध्ये पाठीवरची बॅग छातीवर घेऊन तासभर उभं राहायचं, तर त्या बॅगेतलं यंत्र खरोखर झोपलेलं असणं गरजेचं आहे. ‘स्लीप’मध्ये चालू काम रॅममध्ये राहतं आणि त्यासाठी थोडी वीज लागत राहते, ‘हायबरनेट’मध्ये ते डिस्कवर उतरतं आणि यंत्र पूर्ण थांबतं. प्रवासासाठी बॅटरीच्या खणात ‘हायबरनेट’ निवडणं मला शहाणपणाचं वाटतं. पुन्हा सुरू व्हायला काही क्षण जास्त लागतात, पण बॅग तापत नाही आणि उतरल्यावर बॅटरी संपलेली नसते.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि दुसऱ्या खणाचं महत्त्व कळलं. वन बीएचके घरात ऑफिस, शाळा आणि स्वयंपाक एकाच छताखाली आले. छोट्या टेबलावर बाहेरचा मॉनिटर आणि कीबोर्ड मांडला, की उघडा लॅपटॉप वहीपुरतीही जागा सोडत नाही. झाकण मिटून तो मॉनिटरमागे उभा करावा, तर तो झोपी जातो. चार्जरच्या खणात ‘डू नथिंग’, म्हणजे ‘काहीच करू नको’, निवडलं, की तोच लॅपटॉप डेस्कटॉपसारखा चालतो, आणि त्याहून एक पाऊल पुढेही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पारेषण वाहिन्यांतल्या बिघाडामुळे मुंबई महानगर प्रदेशाच्या मोठ्या भागातली वीज गेली. अशा वेळी इन्व्हर्टर नसलेल्या घरातला डेस्कटॉप न साठवलेल्या कामासकट विझतो. लॅपटॉपचा फक्त मॉनिटर काळा पडतो. झाकण वर केलं की अर्धवट फाइल त्याच्या स्वतःच्या पडद्यावर जशीच्या तशी असते.

यावर पहिला आक्षेप उष्णतेचा, आणि तो खरा आहे. काही लॅपटॉप कीबोर्डमधूनही उष्णता सोडतात. झाकण मिटून गादीवर ठेवले तर तापतात. पण मिटलेला लॅपटॉप डॉकवर लावून चालवण्याची सोय कंपन्या स्वतःच विकत आल्या आहेत. हवेची जाळी मोकळी असली की टेबलावर धोका फारसा उरत नाही, आणि म्हणूनच ही मोकळीक चार्जरच्या खणापुरती ठेवावी. दुसरा आक्षेप असा, की हे उत्पादकाला जास्त कळतं. अ‍ॅपलनं तेच धोरण धरलं: मॅकबुकच्या सेटिंग्जमध्ये झाकणासाठी खणच नाही; चार्जर आणि बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर ते मिटूनही चालतं. ही निवड बऱ्याच जणांना पुरते. पण उत्पादकाची निवड नेहमीच बरोबर येते असं नाही. विंडोजच्या ‘मॉडर्न स्टँडबाय’मध्ये मिटलेलं यंत्र अधूनमधून जागं होतं, आणि बॅगेत लॅपटॉप तापल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. तिथे बॅटरीचा खण आपल्या हातात असणं हाच उपाय ठरतो.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर आयटी विभाग झाकणाच्या या सेटिंग्ज कुलूपबंद करतो तेव्हा बहुधा तोच पुढे करतो. ‘डू नथिंग’ निवडल्यावर झाकण मिटलं तरी पडद्याला कुलूप लागत नाही, हे खरंच आहे. त्यासाठी विंडोजची कळ आणि एल दाबण्याची सवय लावावी लागते, आणि काही मिनिटांनी आपोआप कुलूप लागेल अशी सक्ती विभागाला करता येते. तेवढ्यावर काम भागत असताना चार्जरचा खण कर्मचाऱ्याला बंद ठेवणं मला पटत नाही. लोकलच्या बॅगेसाठी केलेला नियम टेबलावरही लादला, की बेव्हर्ली पार्कमधल्या त्या छोट्या टेबलावर लॅपटॉप उघडाच राहतो आणि शेजारी मुलाच्या वहीला जागा उरत नाही.