स्फटिक ऊर्जामापक

इलेक्ट्रॉन व फोटॉन यांची ऊर्जा मोजणारा कण अभिज्ञातक. कण जड स्फटिकात शिरताच दुय्यम कणांचा वर्षाव होऊन ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाश निर्माण होतो. रॉबर्ट हॉफस्टाटर यांनी १९४८ मध्ये यासाठी थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइड वापरले. पुढे स्टॅनफर्ड येथील ‘क्रिस्टल बॉल’ अभिज्ञातकात असे ६७२ स्फटिक बसविण्यात आले. त्यांचा प्रकाश विपुल असे. परंतु ते आर्द्रता शोषीत आणि त्यांची चमक विझण्यास सु. २३० नॅनोसेकंद लागत. सर्न येथील सीएमएस प्रयोगात प्रोटॉनपुंजांच्या भेटी दर २५ नॅनोसेकंदांनी व्हावयाच्या असल्याने अल्प प्रकाशाचे, पण घन व शीघ्र लेड टंगस्टेट निवडण्यात आले. प्रारणाने या ७५,८४८ स्फटिकांची पारदर्शकता घटते. म्हणून ती लेसरने सतत तपासून मापन सुधारतात. २०१२ मध्ये या प्रयोगात हिग्ज बोसॉन ओळखताना फोटॉनांच्या जोड्यांची ऊर्जा याच स्फटिकांनी मोजली.