अनियमित सागरी अर्चिन

ज्यांचे गुदद्वार कवचाच्या शिखरचक्रिकेबाहेर सरकले आहे अशा, कंटकचर्मी संघातील एकायनॉइडिया वर्गाच्या प्राण्यांचा गट (पहा : कंटकचर्मी, सागरी अर्चिन). त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म पूर्व जुरासिक काळातील आहेत. भारतात धार जिल्ह्यातील बाघ परिसरात, उत्तर क्रिटेशस चुनखडकांत, हेमिअॅस्टर प्रजातीचे हृदयाकार अर्चिन सापडतात, पी. मार्टिन डंकन यांनी तेथील अर्चिनांचे वर्णन १८६५ व १८८७ मध्ये केले (पहा : बाघ थर).

‘अनियमित’ हे नाव फसवे आहे. नियमित अर्चिनांच्या पंचअरीय सममितीवर येथे द्विपार्श्व सममिती चढते, म्हणजे पुढची व मागची बाजू ठरते. वाळूत किंवा चिखलात एका दिशेने सरकणाऱ्या प्राण्यास ती सोयीची. बाह्याकार हाच निकष का नको, असा आक्षेप घेता येईल. पण एकायनोमेट्रा लंबगोल असूनही नियमित आहे आणि होलेक्टिपस जवळजवळ गोल असूनही अनियमित. म्हणून गुदद्वाराचे स्थान अधिक विश्वसनीय ठरते. गटांतर्गत विभागणीत जबड्यांचाही विचार होतो : स्पॅटँगॉइडा गणात (हृदयाकार अर्चिन) ‘अॅरिस्टॉटलचा कंदील’ हे जबडायंत्र लुप्त झाले, तर चपट्या वाळू-चकत्यांत ते टिकले आहे. मात्र वाळू-चकत्या व त्यांचे क्लायपिअॅस्टर हे सोबती पूर्वी एकाच गणात असत. जनुकीय पुराव्याने ती एकी शंकास्पद ठरवली आहे.