लोहाऱ्याचे लोखंड, डोंगरगावचे फ्लोरस्पार

चंद्रपूर जिल्ह्याच्या उद्योगांचा विषय निघाला की खनिजांची यादी वाचली जाते. इतिहास मात्र निराळेच सांगतो. या जिल्ह्यातल्या सावली गावाच्या शेजारी, सिंदेवाही भागात लोहारा आहे. तिथल्या लोहखनिजावरचा फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञांचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. खनिज अव्वल होते, पण वरोऱ्याचा कोळसा कोकसाठी निकामी ठरला आणि कारखाना पुढे दुसरीकडे, साकचीला उभा राहिला. उलट ज्या सावलीत खाण नव्हती, तिथे खादीचे काम रुजले आणि १९३६ साली गांधी सेवा संघाची बैठक गांधीजींच्या उपस्थितीत भरली. भद्रावतीतही कुंभारकामाची माती पूर्वापार होतीच. १९५५ साली कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ काढला, तेव्हा कुंभारकामाला शास्त्राची जोड मिळाली. धंदा टिकतो तो शिकलेल्या हातांवर.

आता पाळी याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या फ्लोरस्पारची. फ्लोरिन देणारे हे खनिज धातू गाळताना मळी पातळ करायला वापरतात. ऑक्सिजन आणि फ्लोरिन एकत्र बांधणाऱ्या ऑक्सिफ्लोराइड सिरॅमिकने मात्र फ्लोरिनला मुख्य भूमिका दिली. १९९३ साली वांग आणि ओहवाकी या संशोधकांनी जपानमध्ये अशी काच केली की तिच्यात फ्लोराइडचे अतिसूक्ष्म स्फटिक असूनही ती पारदर्शक राहिली. तिच्यातला यटर्बियम हा दुर्मिळ मृदा धातू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोषतो, ती ऊर्जा एर्बियम या तशाच धातूला देतो आणि काच हिरवी उजळते. काचेचा टिकाऊपणा ऑक्साइडचा, प्रकाशाचा गुण फ्लोराइडचा. यट्रियम ऑक्सिफ्लोराइडचा लेप चिप बनवण्याच्या यंत्रात फ्लोरिनयुक्त प्लाझ्मापुढे तग धरतो.

कुणी म्हणेल, कुंभाराच्या भट्टीचा आणि चिपच्या कारखान्याचा संबंध काय? आक्षेप रास्त आहे. या पदार्थांना अतिशुद्ध रसायने आणि दुर्मिळ मृदा धातू लागतात. नुसत्या फ्लोरस्पारवर ते होणार नाहीत. पण यातून लोहाऱ्याचाच धडा पक्का होतो : एक कच्चा माल हाती असून भागत नाही. दुसरा आक्षेप पाण्यातल्या फ्लोराइडचा. त्याचा त्रास या जिल्ह्यातली अनेक गावे भोगतात, म्हणून फ्लोरिनवरच्या कोणत्याही कामाआधी सांडपाण्याची सोय हवी. तेव्हा कारखान्याच्या घोषणेआधी शेजारच्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात सिरॅमिकचे शिक्षण आणि खनिज तपासणारी प्रयोगशाळा मागितली पाहिजे.