रुग्णसेवा आणि रुग्णाचा आचार

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. इस्पितळात जात बाटेल या भयाने लोक रोगी लपवीत. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्लाही केला. पुढे निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली. पुण्यातही १८९७ साली टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ उघडले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी जात न पाहता रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च रोजी प्लेगनेच देह ठेविला.

या दोन्ही गोष्टी आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवितो. आमच्या जरीपटक्यात फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची व मराठी मंडळींची घरे शेजारी आहेत, उपासतापास दोन्हीकडे. मधुमेही रोग्यास परिचारिकेने आधी त्याचा नेम विचारावा, मग डॉक्टरांकडून औषधाची वेळ ठरवून घ्यावी. आचार ज्याचा त्याचा राखावा. सेवा सर्वांची करावी.