दोन गिरक्या आणि दोन वर्षं

ज्याच्या विंचूर बाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, त्या निफाड तालुक्याला लागूनच नाशिक जिल्ह्यातला चांदवड तालुका आहे. पावसाने ओढ दिली की इथे विहिरी तळ गाठतात. चांदवडमधल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ अशाच विहिरी खणण्याच्या कामावर जात. २०१२ मध्ये ते लष्करात भरती झाले, तिथे वल्हं हाती आलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये ते तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून त्यांनी सुवर्णपदकही जिंकलं.

त्याच स्पर्धेतल्या एकेरी शर्यतीत मात्र ते मध्येच थांबले. प्रकृती ठीक नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. याबद्दल मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय रोइंग महासंघाने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठवली गेली.

चूक केवढी आणि शिक्षा केवढी, हा प्रश्न अशा रीतीने नाशिक जिल्ह्याच्या दाराशी आला. या प्रश्नाचा खोल विचार होड्यांच्याच दुसऱ्या एका खेळात, शिडाच्या शर्यतींत, झालेला आहे.

मुंबई बंदरात या खेळाची परंपरा मोठी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी त्यांत भारताला सुवर्ण मिळवून दिलं. पण समुद्रावर चुन्याच्या रेषा मारता येत नाहीत आणि प्रत्येक होडीमागे पंच धावू शकत नाही. म्हणून नियम थोडके आणि स्पष्ट हवेत. पहिला नियम असा: समोरासमोर आल्यावर डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीने उजव्या बाजूने वारा घेणारीला वाट द्यायची.

नियम धूसर असले की काय होतं, ते १८५१ मध्ये इंग्लंडच्या वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत दिसलं. ‘अमेरिका’ नावाची होडी एका दीपनौकेच्या आतल्या बाजूने गेली. तक्रार झाली, पण छापील सूचनाच एकमेकींशी जुळत नव्हत्या, म्हणून ती टिकली नाही. ‘अमेरिका’ने जिंकलेला तो चषक पुढे तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९३४ मध्ये त्याच चषकासाठी ब्रिटनच्या ‘एंडेव्हर’ने तक्रार केली, तेव्हा तक्रारीचा झेंडा वेळेवर लावला नाही म्हणून न्यूयॉर्कच्या समितीने ती ऐकूनच घेतली नाही. पद्धत पाळली गेली, न्याय झाला नाही, ही बोच ब्रिटिशांच्या मनात राहिली.

दीर्घकाळ या खेळात शिक्षा एकच होती: शर्यतीतून बाद. वाट द्यायला क्षणभर चुकलेला आणि मुद्दाम आडवा घुसलेला, दोघांनाही तीच. ही विसंगती मोडली ती गिरकीने. आता खुणेच्या तरंगत्या पिंपाला होडी घासली तर एक पूर्ण गिरकी. दुसऱ्या होडीचा हक्क मोडला तर दोन. तेवढ्यात मागचे दोघे-चौघे पुढे निघून जातात आणि चुकीची किंमत तिथल्या तिथे चुकती होते. महत्त्वाचं म्हणजे ही गिरकी नावाड्याने स्वतः घ्यायची असते, कुणी शिट्टी वाजवायची वाट न बघता. त्याने ती घेतली नाही, तर समोरचा तक्रार करतो, आणि शर्यतीनंतर दोन्ही बाजू ऐकून पंच निर्णय देतात.

जाणूनबुजून केलेल्या लबाडीला मात्र गिरकी पुरत नाही. २०१३ च्या अमेरिका चषकाआधीच्या छोट्या होड्यांच्या मालिकेत ‘ओरॅकल’ संघाच्या होड्यांमध्ये नियमबाह्य वजन सापडलं. अडीच लाख डॉलर दंड झाला, काही सदस्यांवर बंदी आली आणि अंतिम लढतीत संघाची सुरुवात उणे दोन गुणांनी झाली. त्यामुळे नऊ गुण गाठायला त्यांना अकरा शर्यती जिंकाव्या लागल्या.

न्यायाची दुसरी बाजू १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दिसली. कॅनडाचे लॉरेन्स लेमिउ दुसऱ्या स्थानावर असताना सिंगापूरचे दोन खेळाडू पाण्यात पडलेले त्यांना दिसले. शर्यत सोडून त्यांनी दोघांना वाचवलं आणि ते बाविसावे आले. पंचांनी त्यांना त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला. संकटातल्याला मदत करणं हे या खेळात कर्तव्यच आहे, आणि त्यापायी झालेलं नुकसान भरून देण्याची तरतूदही नियमांतच आहे.

थोडी चूक, मोठी चूक आणि लबाडी यांच्या पायऱ्या वेगळ्या असणं, शिक्षा आधीच लिहिलेली असणं आणि ती देण्यापूर्वी खेळाडूचं ऐकून घेणं, या तीन गोष्टी शिडाच्या शर्यतींनी दीडशे वर्षांत कमावल्या. भोकनळांची बंदी मुदतीआधी उठली, तरी ऐन उमेदीतले दहा महिने गेले. उद्या चांदवड-निफाडच्या आणखी कुणी पोरांनी वल्हं हाती धरलं, तर शिक्षेच्या पायऱ्यांचा तक्ता त्यांच्या हाती शर्यतीच्या आधी पडायला हवा. प्रत्येक क्रीडा महासंघाने आणि जिल्हा संघटनेने तो मराठीत छापून द्यावा.